जाड चाकात हवा किती भरावी

रोजच्या पाऊलवाटेला जाड चाकांची सायकल, म्हणजे फॅट बाईक, चालते का, असं मला लोक विचारतात. मार्गासनीच्या चहाच्या टपरीवर बसलेले विचारतात, आणि शनिवारी-रविवारी पुण्याहून हेल्मेट घालून येणारे सायकलवालेही मला वाटेत थांबवून विचारतात. मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची मला सवय नाही. 'गाडी कधी सुटणार?' याला 'सुटली की कळेल' असंच मी जन्मभर सांगत आलो. पण या प्रश्नाचं उत्तर मी दोन्ही कोपरं सोलून मिळवलेलं आहे, तेव्हा ते सांगतो.

आमची आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मार्गासनीच्या वर डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिथं ती एकटी राहते. वाडीत सात घरं, त्यातल्या चार घरांना कुलपं. गेल्या मे महिन्यात ती गोठ्यात पाय घसरून पडली आणि डावं मनगट मोडलं. सकाळी शेजारीण चहापूड मागायला आली तेव्हा कळलं, तोवर बाई तशीच म्हशीच्या शेजारी पडून होती. भाच्यानं तिला पुण्याला नेलं, प्लॅस्टर झालं, आणि दीड महिना ती त्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहिली. तिथं तिला सगळं सुख होतं. एवढं सुख तिला सोसेना. "आरं, खाली बघितलं की गाड्यांची टपं, वर बघितलं की दुसऱ्याची फरशी," असं ती मला फोनवर म्हणाली, आणि प्लॅस्टर निघाल्या दिवशी रुसून गावाकडं आली.

भाचा गुणी पोरगा. त्यानं आवाज चढवला नाही. मला एवढंच म्हणाला, "मामा, तुमी रोज वर जाऊन आईला बघणार असाल, तर राहू दे तिला. दिवाळीपर्यंत बघू. रोज एक फोटो धाडायचा. फोटो चुकायला लागले, तर मी तिला कायमची घेऊन जाणार आणि म्हैस इकून टाकणार."

मी छातीवर हात मारला. "एक दिवस चुकणार नाही," म्हणालो. आक्काचं घर, तिची म्हैस, तिचं परसातलं आळू आणि तिचा दिवस तिच्या मनाप्रमाणं उगवणं, हे सगळं त्या दिवशी माझ्या गुडघ्यांवर येऊन बसलं.

आणि गुडघे माझे कसले! एकतीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून त्यांतलं वंगण संपलेलं. आठ दिवस मी ती वाट पायी केली. नवव्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, चढउतार बंद, सायकल चालवा. मोटरसायकल त्या वाटेला जात नाही. मध्ये ओढा आहे, मग भाताची खाचरं आणि त्यांचे हातभर रुंदीचे बांध, मग लाल मुरमाची घसरडी चढण आणि शेवटी कातळ. बांधावर मोटरसायकल घातली असती तर खाचरवाल्यानं मला तिथंच लावणी करून ठेवलं असतं.

तेव्हा ती फॅट बाईक मिळाली. पुण्याच्या एका साहेबांनी आमच्याकडं ओढ्याकाठी प्लॉट घेतलाय. त्यांनी ती हौसेनं आणली, दोनदा चालवली, मग शेडमध्ये कोंबड्या तिच्यावर बसायला लागल्या. मी ती कितीला घेतली हे लिहीत नाही, कारण हे घरात वाचलं जाईल. बायकोनं सायकल बघितली, चाकांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "अहो, टायर ट्रॅक्टरचे आणि गडी हा," एवढंच म्हणाली आणि भाकऱ्या थापायला आत गेली. डेअरीवर दूध घालायला आलेल्यांनी तर "मास्तर, किती फॅट लागली?" म्हणून महिनाभर जीव खाल्ला. कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात. सगळ्यांना वाटायचं की हा विनोद जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलाय.

आता मुद्द्याचं. आमच्याकडं टायर चांगला कधी? तर दगडासारखा लागला की. बैलगाडीला रबरी चाकं आल्यापासून आमची ही श्रद्धा आहे. कुणाचीही गाडी उभी दिसली की माणूस आधी टायरला लाथ घालतो, मग रामराम करतो. एसटीत आमचे ड्रायव्हर सुटायच्या आधी लोखंडी टामीनं टायर वाजवून बघायचे. ठण्ण वाजला की डबल बेल. म्हणून सायकल घेतल्या घेतल्या मी ती रेटत आमच्या पंक्चरवाल्याकडं नेली. तो म्हणाला, "मास्तर, ह्यात हवाच न्हाई की! पार लोळागोळा झालाय." साहेबानं टायर मऊच ठेवले होते. आम्हाला वाटलं, शहरातला माणूस, त्याला काय कळतंय. पंक्चरवाल्यानं ट्रकच्या नळीनं हवा मारली, अंगठ्यानं दाबून बघितलं, अंगठा दुखेपर्यंत मारली. "आता बघा. दगूड," म्हणाला.

दगडच होता तो. डांबरीवर मी राजासारखा आलो, आणि वाट सुरू झाल्यावर सायकलनं मला चेंडूसारखा वर टाकायला सुरुवात केली. ओढ्यातल्या गोट्यांवर चाक एकीकडं, मी एकीकडं. मुरमाच्या चढणीला मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरायचं. उतरताना तर विचारू नका. पहिल्या आठवड्यात मी चारदा पडलो, त्यात एकदा दुसऱ्याच्या नाचणीत. तिथं बाई खुरपत होती. ती म्हणाली, "मास्तर, तिकीट काडलंय का हितलं?" तोंडातली माती थुंकत मी सायकल उभी केली.

तरी मी रोज जायचो. सकाळी आठला निघायचो, पावणेनऊला वर पोचायचो, अर्धी वाट रेटत. आक्का ओट्यावर असायची. "आलास?" "आलो." "लागलंय का रं?" "नाही." तिला नीट उभी करायची, फोटो काढायचा, मनगट बघायचं, गोळ्या मोजायच्या, पाण्याचा हंडा भरून ठेवायचा, चहा उभ्याउभ्या प्यायचा आणि निघायचं. बारा मिनिटं. शेवटच्या थांब्यावर एसटीला जेवढा वेळ मिळतो तेवढा. तिथं वर नेटवर्क नाही. पहिल्या वळणावर जांभळाचं झाड आहे, तिथं आलं की फोटो सुटतो. भाच्याचा अंगठा आला की माझी ड्युटी संपली. एकही फोटो चुकला नाही आणि मला त्याचा फार तोरा होता. स्टँडवर मी सांगायचो, "बारा मिनिटांच्या वर एक मिनिट नाही." आक्का रोज म्हणायची, "आरं, बस की जरा." मी म्हणायचो, "उद्या." कंडक्टरच्या तोंडून 'उद्या' बाहेर पडलं की त्याला काही किंमत नसते, हे तिला ठाऊक होतं.

श्रावण सरता सरता एक नवीन भानगड सुरू झाली. वर जाताना टायर दगड असायचे, आणि आक्काकडून निघायला सायकल हातात घेतली की मागचा टायर बसलेला. पहिल्या दिवशी वाटलं, काटा. दुसऱ्या दिवशी पुढचाही. साहेबानं सायकलबरोबर एक हातपंप दिला होता, तो मी पाठीवरच्या पिशवीत ठेवायला लागलो. जाड चाकात हातपंपानं हवा भरायची म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. एका चाकाला दोनशे झटके. पन्नास झाले की दंड भरून येतात, शंभराला दम लागतो, मग ओट्यावर टेकायचं, पाणी प्यायचं, परत उठायचं. अर्धा-पाऊण तास कुठंच गेला नाही.

मी हवा भरायचो आणि आक्का ओट्यावर बसून बोलायची. मला काय, हात गुंतलेले, कान मोकळे. तिनं सांगितलं की परसातला फणस तिनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी लावला आणि सासूनं तो दोनदा उपटला. तिनं सांगितलं की मी चार वर्षांचा असताना ओढ्याला पाणी आलं आणि तिनं मला पाठीवर घेऊन आणलं, तर मी भीतीनं तिच्या पाठीवरच कार्यक्रम उरकला. हे मला त्रेसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दाजी गेल्यावर ती तीन महिने म्हशीशीच बोलायची, हेही तिनं असंच सांगितलं, चवळीच्या शेंगा सोलता सोलता. मी "हं" म्हणायचो आणि झटके मोजायचो. मध्येच आकडा चुकायचा, मग मी तिच्यावर डाफरायचो.

आणि खाली आलो की पंक्चरवाल्यावर. "तुझी ट्यूब भिकार आहे," म्हणालो. त्यानं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. "मास्तर, ट्यूब शाबूत हाय." "मग हवा काय मी खातो?" बोलाबोली वाढली. मी त्याचा बाप काढला नाही, पण जवळपास आलो होतो. तो माणूस कामथडीचा, हायवेवर ट्रकचे टायर काढून मोठा झालेला. तो शांतपणे म्हणाला, "वरच्या वाडीची हवा मानवत नसंल तुमच्या सायकलीला." त्यानंतर आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मग भाद्रपदातला तो दिवस. मी वर होतो, हवा नेहमीप्रमाणं गेलेली, आणि डोंगरावर आभाळ काळंकुट्ट होऊन उतरायला लागलं. ओढ्याला पाणी आलं असतं तर मी वरच अडकलो असतो. "आक्का, निघतो," म्हणून मी तसाच बसलो टायर बसलेल्या सायकलवर. मनाशी म्हणालो, ट्यूब फाटेल तर फाटू दे.

तर काय सांगू! मुरमावर चाक पसरलं आणि चिकटलं. घसरलं नाही. कातळावर आपटलं नाही. ओढ्यातले गोटे चाकाखाली आलेले कळतसुद्धा नव्हते. बांधावर मी पहिल्यांदाच न उतरता गेलो. घरी आलो तेव्हा मी ओला होतो पण कुठं सोललेलो नव्हतो. मी अंगणात सायकलभोवती तीन फेऱ्या मारल्या. दोन महिने आम्ही सगळ्यांनी मिळून त्या सायकलीला उगाच फुगवलं होतं. डोक्यावर हंडा घ्यायचा तर खाली चुंबळ मऊच लागते, हे आमच्या घरातल्या पोरीबाळींना कळतं. मला आणि पंक्चरवाल्याला मिळून कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मऊ चाकांवर वर गेलो. अर्ध्या तासात, एकदाही न पडता. अंगणात शिरल्या शिरल्या ओरडलो, "आक्का, कोडं सुटलं! ही चाकं मऊच लागतात. आता पंपाची कटकट संपली, मी आपला लगेच निघत जाईन!"

आक्का शेंगा सोलत होती. "बरं झालं," म्हणाली. मग सूप खाली ठेवत, "तुला लई तरास व्हत व्हता." आणि उठून आत गेली. मी फोटो काढला, चहा प्यालो, बारा मिनिटांत निघालो. त्या फोटोत तिचा पदर नीट होता, हात नीट होते, बाकी काही नव्हतं. मला ते तेव्हा दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "म्हशीला जरा पाणी दाव." मी बादली घेऊन गोठ्यात गेलो आणि आठवलं, मोबाईल ओट्यावरच राहिला, रेडकू झालेल्या म्हशीचाही एक फोटो भाच्याला टाकू. म्हणून अर्ध्यातून वळलो. गोठ्याच्या कुडाच्या फटीतून अंगण दिसतं. आक्का माझ्या सायकलीशी उकिडवी बसली होती. ओचा खोचलेला, मोडून जुळलेला डावा हात चाकाला टेकलेला, आणि उजव्या हातात बाभळीचा लांब काटा. तो तिनं व्हॉल्व्हच्या पिनेवर दाबून धरला होता. सुस्स आवाज येत होता. मधूनच थांबून ती अंगठ्यानं टायर चाचपायची, आमच्या पंक्चरवाल्यासारखी, आणि परत दाबायची. रिम जमिनीला टेकेपर्यंत तिनं दम धरला. मग काटा पदराच्या टोकात खोचला आणि ओट्यावर जाऊन शेंगा घेऊन बसली, जणू सकाळपासून तिथंच आहे.

खरं सांगतो, आधी मला सणकून राग आला. माझे दंड, माझं पंक्चरवाल्याशी झालेलं भांडण, सगळं डोक्यात गेलं. बादली आपटून बाहेर जाणार होतो. म्हशीनं माझ्याकडं बघितलं आणि मी थांबलो. रोज मला गोठ्यात नाहीतर सरपणाकडं कोण पाठवत होतं ते आठवलं. 'आरं, बस की जरा' आठवलं. ज्या बाईनं मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला, तिला माझ्याकडून अर्धा तास मिळवायला चोरून हवा सोडावी लागत होती. मी फोटो काढायला येत होतो, तिच्याकडं येतच नव्हतो. मला लाज वाटली. त्या गोठ्यात, हातात बादली धरून, मला माझी स्वतःची फार लाज वाटली.

बाहेर आलो. सायकल बघितली आणि शक्य तेवढ्या चिडक्या आवाजात म्हणालो, "आयला, परत गेली हवा!"

"व्हय का?" आक्का म्हणाली. "काटं लई झाल्यात औंदा." आणि सरकून ओट्यावर जागा केली.

मी पंप काढला. चांगले दोनशे झटके मारले, वर पन्नास. ती बोलत होती, मी या खेपेला आकडे मोजत नव्हतो. टायर दगड झाला. मग जांभळाच्या वळणावर आलो, ओटा दिसेनासा झाला, तेव्हा वाटेकडच्या बाभळीचा एक काटा मोडून घेतला आणि अंगठा पेरभर आत जाईपर्यंत हवा सोडून दिली. मग उतरलो. तेव्हापासून हेच चाललंय. वर मऊ चाकांनी जातो, तिथं ती सोडते, मी फुगवतो, वळणावर मी सोडतो. एवढी मेहनत फुकट घालवणारा माणूस भोर-वेल्ह्यात दुसरा नसेल. पंक्चरवाल्याला चहा पाजून माफी मागितली, कारण मात्र सांगितलं नाही. तो अजून समजतो की वरच्या वाडीची हवा वाईट आहे.

दिवाळीला भाचा आला. मी त्याला कुठं बसवू आणि कुठं नको असं झालं होतं. तो मोबाईलमधले फोटो वर-खाली करत म्हणाला, "मामा, पयल्या म्हैन्यातलं फोटो बघा. आई आधार कार्डासाठी उभी ऱ्हायल्यासारखी. आणि हे बघा." नंतरच्या फोटोंत आक्का बसलेली होती. एकात तोंड उघडं, एकात हात हवेत, एकात डोळे मिटून हसताना. पंप मारता मारता मी दम खायला थांबलो की, ती बोलत असताना काढलेले. "तिकडं तिसऱ्या मजल्यावर ती अशी कवाच दिसली न्हाई," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या तिला हितंच. पण रोजच्या वाटंला ही सायकल टिकंल का?"

मी म्हणालो ते इथंही लिहितो. डांबरीवर ती जड जाते, भोरला बाजाराला जायचं तर एसटी बरी. खाचराचा चिकट चिखल चाक आणि दांड्याच्या मध्ये भरतो, तो काटकीनं काढावा लागतो. चढाला घाम काढते. पण मुरूम, गोटे, कातळ, बांध यांना तिच्यासारखी दुसरी नाही. फक्त हवा कमी ठेवा आणि वेळ जास्त ठेवा.

परवा मी निघताना आक्का आतून आली आणि माझ्या शर्टाच्या खिशात काहीतरी टाकलं. बघतो तर आगपेटीची काडी, गुल काढलेली.

"जांभळापाशी काट्यानं नगं सोडत जाऊ," ती म्हणाली. "पिन खराब व्हती. माझ्या हातनं झाली व्हती एकदा. काडीनं सोड."

मी तिच्याकडं बघितलं. ती ओट्यावर टेकून शेंगांच्या सुपाकडं बघत होती. वळणावरचा सुस्स आवाज वर अंगणापर्यंत येतो, हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

"मग पंप कशाला मारायला लावतेस रोज?" मी म्हणालो.

"तुझं हात रिकामं असलं की तू घड्याळ बघतूस," आक्का म्हणाली.

मी सायकल परत भिंतीला लावली आणि तिच्या शेजारी शेंगा सोलायला बसलो.